तात्पुरतं नावाचा ढिगारा

माझी नात प्रार्थना माझं ऐकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कोणी म्हणायला नको की मरियाबाईनं लपवलं. आमच्या घरात नवरा होता तोवर ऐकत होता, मुलगा शलमोन अजून ऐकतो, सून नॅन्सी ऐकल्यासारखं करते. ही एकटी समोर उभी राहून ‘न्हाई आजी’ म्हणते आणि वर गोड हसते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण माणूस कशाचं बनलंय हे कळायला चौथीसुद्धा जास्त होते. ही पोरगी कशाची बनली आहे ते आता नगर जिल्ह्यातल्या आमच्या सगळ्या देवळालीला कळलंय, आणि ज्यांना कळलं नाही त्यांना मी सांगतेच आहे.

शलमोनचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतलं लग्न म्हटलं की कॅमेरा त्याचा. हात चांगला आहे त्याचा, रडणारी करवलीसुद्धा त्याच्या फोटोत देखणी दिसते. पण फोटो काढून झाला की तो कुठं ठेवायचा याची अक्कल देवानं त्याला दिली नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं, कॉम्प्युटरला लावायचं आणि सगळं एका फोल्डरात ओतायचं. त्या फोल्डरचं नाव ‘तात्पुरतं’. हे तात्पुरतं त्याच्या लग्नाच्या वर्षी सुरू झालं आणि त्याची पोरगी इंजिनिअर झाली तरी तात्पुरतंच आहे. कारखान्याच्या गव्हाणीत ऊस टाकतात तसं हा त्यात लग्नं टाकत आला. फरक एवढाच की कारखान्यात दुसऱ्या बाजूनं साखर निघते.

यंदा त्या गव्हाणीतून पुष्पावतीबाई निघाली.

पुष्पावतीबाई म्हणजे आमच्या महिला मंडळातली माझी बरोबरीची. सातवी शिकलेली आहे आणि ते विसरू देत नाही. तिच्या सविताचं लग्न नाताळच्या आठवड्यात झालं. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, सुट्टी बघतात. पुण्या-मुंबईची माणसं नाताळाला गावी येतात, म्हणून सगळ्यांना त्याच आठवड्यात लग्न हवं असतं. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये सकाळी सविताचं लागलं आणि दुपारी जोएल नावाच्या मुलाचं. कमान तीच, फुलं तीच, पाळकसाहेब तेच. नवऱ्याही दोन्ही पांढऱ्या झग्यात, डोक्यावरून जाळी घेतलेल्या. शलमोननं दोन्ही लग्नं त्याच दोन कॅमेऱ्यांनी काढली आणि रीतीप्रमाणं तात्पुरत्यात ओतली.

मग आल्बम दिला. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस अर्धे सरले असतील, तेव्हा पुष्पावतीबाई तो आल्बम काखेत मारून आमच्या ओट्यावर आली. सलाम केला, पाणी घेतलं, आणि मधलं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. पानभर एक जाडा माणूस जिलेबी खात होता.

“हे कोन म्हनायचं, मरियाबाई?” ती म्हणाली. “आमच्याकडचं न्हाई, जावयाकडचं न्हाई. मी आठ दिस इचारतीय.”

तो जोएलचा मामा होता, हे मी लगेच ओळखलं. पण माझ्या मुलाची चूक मी कशाला कबूल करू? मी म्हणाले, जिलेबी तर झकास आलीय.

ती हसली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की जिलेबीवाला आहे आणि तिची थोरली बहीण राहीबाई नाही. राहीबाई अकोल्याकडची, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहते. गुडघे गेलेत, तरी भाचीच्या लग्नाला दोन जीपा बदलून आली होती. दोघी बहिणींचा फोटो काढलेला पुष्पावतीबाईनं स्वतः पाहिला होता. ईस्टरला सविताच्या सासरची माणसं जेवायला येणार, त्यांच्यापुढं हा आल्बम ठेवायचा. त्यात सख्खी बहीण नाही आणि परका मामा पानभर, हे तिला कसं सोसावं. खरं बोलायचं तर मलाही सोसलं नसतं.

शलमोननं शोधलं. दोन दिवस गिऱ्हाईक सोडून शोधलं. तारखेनं लावून बघितलं, नावानं लावून बघितलं. नावं म्हणजे कॅमेऱ्यानं दिलेले आकडे, त्यांत बहीण कोणती आणि केक कोणता हे कसं कळणार? पडद्यावर यादी सुरू व्हायची ती संपायचीच नाही. अर्धी खाली नेली की मध्येच नव्या कार्डातले फोटो येऊन पडायचे आणि यादी उडी मारून भलतीकडं जायची. सविताच्या लग्नाचे निम्मे फोटो त्या तारखेला दिसतच नव्हते. आधीच्या वेळी म्हणूनच त्यानं कमान बघून अंदाजानं पानं भरली होती, आणि त्या अंदाजात जिलेबी आली होती.

आता प्रार्थनाचं सांगते. ती नगरला कॉम्प्युटर शिकली आणि वर्षभर घरी बसून एकच काम करत होती. कॉम्प्युटरमध्ये जिथं आपली फोल्डरं आणि फाइली दिसतात त्याला फाइल मॅनेजर म्हणतात. जगभरातली माणसं मिळून असा एक फाइल मॅनेजर बनवतात आणि फुकट वाटतात. ही त्यात सुधारणा करत होती. का, असं मी विचारलं होतं, तर म्हणाली की आजी, दहा फाइली असल्या तर सगळेच मॅनेजर शहाणे असतात, ढीग झाला की नुसती यादी लांब करतात. पप्पांसारख्या माणसाला मदत करणारा एकही नाही.

मला ते पटलं होतं. पण लोकांना नव्हतं. तिचा मामा नोहा पारनेरला शिक्षक आहे. त्यानं तिच्यासाठी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा बघून ठेवली होती. वाईट नव्हती जागा. ईस्टर झाला की सोमवारी होय का नाही ते कळवायचं होतं. आणि नॅन्सीच्या माहेरची माणसं येता-जाता बोलायचीच, की पोरगी इंजिनिअर झाली आणि बापाच्या दुकानात फोटो आवरत बसली.

त्या संध्याकाळी शलमोन हरून घरी आला आणि जेवता जेवता पोरीला म्हणाला, “तुझं ते वर्षभराचं काम ह्याच्यासाठीच हाय ना? मग ईस्टरच्या आत सविताचा आल्बम लावून दे. जमलं तर कर पुढं, मी आडवा येनार न्हाई. न्हाई जमलं तर सोमवारी मामाला होय सांगायचं.”

नॅन्सीनं माझ्याकडं बघितलं. मी प्रार्थनाकडं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, “चालंल, पप्पा.” बस. तिचं अख्खं वर्ष पणाला लागलं होतं आणि पोरीनं दुसरी भाकरी मागितली. माझ्यावर गेली आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला मंडळाच्या भांड्यांच्या खोलीत नेलं. महिला मंडळाची भांडी माझ्या ताब्यात आहेत. लग्न, वाढदिवस, मयत, काही असो, पातेली आणि ताटं तिथूनच जातात. माझी खोली बघायला श्रीरामपूरच्या बाया येऊन गेल्यात. ताटाजवळ ताट, डावाजवळ डाव, आणि एका वस्तूला एकच जागा. मी तिला दोन्ही नियम सांगितले. म्हटलं, एवढं त्या यंत्राला शिकव, बाकी काही लागत नाही.

पहिला नियम तिनं घेतला. तशी ती करूनही बघते, उगीच नाही म्हणत नाही. तिनं यंत्राला सांगितलं की दिसायला सारखं ते एकत्र उचलून ठेव. यंत्रानं ठेवलं. सगळे केक एका फोल्डरात, सगळ्या कमानी दुसऱ्यात, आणि सविता व जोएलची बायको अशा दोन्ही पांढऱ्या जाळीवाल्या नवऱ्या एकमेकींत मिसळून तिसऱ्यात. बाप्तिस्म्याची बाळंसुद्धा त्यांतच गेली, कारण तीही पांढऱ्या कपड्यांत. वर शलमोन रोजच्या जागेवर एक जुना फोटो शोधायला गेला तर जागा रिकामी. गिऱ्हाईक समोर बसलेलं. आमच्या शलमोनचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी पेठेत ऐकू गेला.

प्रार्थनानं सगळं होतं तसं मागं फिरवलं. उचलताना कुठून काय उचललं याची खूण तिनं ठेवली होती, म्हणून एक फोटोही गेला नाही. हे मी मुद्दाम सांगते. घाईत काम करणारी माणसं खुणा ठेवत नाहीत.

माझा नियम चुकीचा होता असं मी अजूनही म्हणत नाही. यंत्राला झगा आणि माणूस यांतला फरक कळेना, त्याला मी काय करू? पण घरी आल्यावर प्रार्थना माझ्या शेजारी लसूण सोलत बसली आणि म्हणाली, “आजी, ताट एकटं आलं तरी ताटच असतंय. फोटोचं तसं न्हाई. फोटोला त्याच्या शेजारचा फोटो लागतो.”

मी म्हणाले, मग शेजारी शेजारी ठेव.

“ठेवनार न्हाईच मी. कायपन हलवनार न्हाई. जागेवर राहू द्यायचं आन् नुसत्या रेघा दावायच्या.”

मला वाटलं पोरगी दमली. न हलवता आवरणं हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी तसं बोललेही. म्हटलं, खोली न झाडता झाडली म्हणायची, हे शहरातलं आवरणं दिसतंय. ती लसणाची टरफलं माझ्या ओच्यात टाकून उठून गेली.

मग आठवडाभर ती बापाचे कॅमेरे घेऊन बसली. कॉम्प्युटर सोडून कॅमेरे. एक दिवस शलमोनला हाक मारून तिनं त्याचा जुना कॅमेरा हातात दिला आणि बॅटरी काढून परत घालायला सांगितली. त्यानं घातली. मग तारीख बघायला सांगितली. तारीख बारा-तेरा वर्षं मागं गेलेली. आतला घड्याळाचा सेल मेलेला होता, त्यामुळं बॅटरी बदलली की तो कॅमेरा आपल्या जन्माच्या सालात जाऊन बसायचा. सविताच्या लग्नात शपथा झाल्या आणि बॅटरी बदलली. पुढचे सगळे फोटो जुन्या सालाचे होऊन यादीत पार खाली गेले. तिथं शोधायला कोण जातंय? शलमोन कपाळाला हात लावून बसला. मी म्हणाले, बस, पण लेकीकडं बघून बस.

तिनं काय केलं ते मला जसं समजलं तसं सांगते. घड्याळ खोटं बोललं तरी कॅमेऱ्याचा आकडा पुढंच जातो. आणि साल चुकलं तरी दोन फोटोंमधला वेळ खराच असतो. माणूस जेवायला बसतो तेव्हा कॅमेराही थांबतो. तर यंत्रानं साल बघायचं नाही, कोण कोणासारखं दिसतं तेही बघायचं नाही. एका कार्डातून आलेले, एका कॅमेऱ्याचे, लागोपाठच्या आकड्यांचे फोटो एकत्र दाखवायचे आणि जिथं कॅमेरा थांबला तिथं मध्ये मोकळी जागा सोडायची. प्रत्येक ढिगाच्या तोंडाला त्यातले चार चेहरे मोठे करून लावायचे, म्हणजे वाचता येवो न येवो, ढीग कोणाचा ते कळतं. नवे फोटो आले तर त्यांनी वर दारात थांबायचं, आपण बोलावल्याशिवाय यादीत घुसायचं नाही आणि यादी हलवायची नाही. हे शेवटचं मला फार आवडलं. पाव्हण्यांनी असंच वागावं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी पुष्पावतीबाई आली ती सरळ स्टुडिओत. मी आधीच जाऊन बसले होते. शलमोन उगीच एक फ्रेम पुसत होता, किती वेळ पुसत होता कोणास ठाऊक. नॅन्सी चहाच्या निमित्तानं आली आणि थांबली. पुष्पावतीबाईनं आल्बम टेबलावर ठेवला आणि विचारलं, झालं का.

मला वाटलं होतं प्रार्थना फोटो काढून तिच्या हातात ठेवील. मी असते तर ठेवला असता, आणि वर चार शब्द ऐकवले असते. तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, “मावशी, तुमीच काढा. मी हात लावत न्हाई.”

“मला कुटं येतंय कॉम्प्युटर.”

“सातवी शिकलाय ना तुमी,” मी म्हणाले. मला राहवलं नाही.

मग ती बसलीच. बसणार नाही तर काय करील. प्रार्थनानं तिला फक्त माऊसचं चाक फिरवायला शिकवलं. पडद्यावर ते तात्पुरतं उघडलं. सगळं तेच, हलवलेलं काही नाही, पण आता शेतात बांध असावेत तशा मध्ये मध्ये मोकळ्या पट्ट्या, आणि प्रत्येक ढिगाच्या तोंडाला चेहरे. पुष्पावतीबाई एकेक ढीग ओलांडत गेली. हे कोणाचं बारसं, हा तर बजरंगचा साखरपुडा, ही बया किती जाड झाली होती बाई. शोधायला आलेय हे विसरून गावाची झडती घेत बसली. मध्येच शलमोनच्या पोरानं, म्हणजे दुकानात काम करणाऱ्यानं, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नवं कार्ड ओतलं. आता यादी पळणार, मी म्हटलं. पण यादी जागची हलली नाही. वर दारात नुसती एक पट्टी आली की पाव्हणे आलेत.

आणि मग ती थांबली. ढिगाच्या तोंडाला चार चेहरे होते. एक सविताचा, एक जावयाचा, एक पाळकसाहेबांचा, आणि चौथा पांढऱ्या केसांचा, कपाळापर्यंत पदर घेतलेला.

“आक्का,” ती म्हणाली.

आत गेली तर एक नाही, किती तरी होते. राहीबाई खुर्चीत गुडघे चोळताना, राहीबाई सविताच्या गालावरून बोटं मोडताना, आणि दोघी बहिणी कमानीखाली. त्यात राहीबाईनं धाकटीचा हात घट्ट धरलेला होता, जसा जत्रेत लहान पोराचा धरतात. पुष्पावतीबाईनं पडद्यावरच्या त्या हातांवर बोट ठेवलं.

मग तिनं डोळे पुसले आणि लगेच खोट काढली. त्याशिवाय ती पुष्पावतीबाई कसली. म्हणाली, हा पाळकसाहेबांचा कमानीजवळचा फोटो इथं आहे, तो मघाशी जोएलच्या ढिगातही होता, मग तो आहे कोणाचा?

मी पुढं सरसावले. हा माझा दुसरा नियम, एका वस्तूला एकच जागा. मी तिला सांगितलंच होतं. मी म्हणाले, प्रार्थना, एका ठिकानचा काढून टाक.

“न्हाई आजी,” ती म्हणाली. “दोन लग्नांच्या मधला फोटो हाय तो. साहेब दोघांचे हायेत. फोटो एकच हाय, जागचा हललेला न्हाई. दोन दारांतून दिसतोय एवढंच.”

पुष्पावतीबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. म्हणाली, “मरियाबाई, तुमची नात तुमचं ऐकत न्हाई वाटतं.”

“न्हाई ऐकत,” मी म्हणाले. “आन् ऐकलं असतं तर तुमची आक्का अजून तळाला असती.”

हे मी सगळ्यांसमोर म्हणाले. शलमोननं ती फ्रेम शेवटी खाली ठेवली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आल्बमची पानं सोडवायला बसला. संध्याकाळी आल्बम तयार होता. जिलेबीवाला मामा जोएलच्या घरी पोचला, तिथं त्याचं फार कौतुक झालं म्हणे.

ईस्टरच्या उपासनेनंतर पुष्पावतीबाईनं तो आल्बम घरी न नेता आधी चर्चच्या पायरीवर उघडला. सविताच्या सासरच्यांनी दोन बहिणींचं पान बघितलं, बाकी मंडळीनं बघितलं. कोणी विचारलं की एवढ्या ढिगातून सापडला कसा, तर ती म्हणाली, मीच काढला, सोपं असतं. मी ऐकत होते. मला राग आला नाही. सातवीवालीला सोपं वाटलं, यापेक्षा माझ्या नातीचं कौतुक कोणी काय करणार?

सोमवारी नोहामामाला फोन शलमोन करणार होता. मी त्याच्या हातातून घेतला. नोहाला म्हटलं, तुमची जागा चांगली आहे, ती कुणा गरजवंताला द्या, आमच्या पोरीला वेळ नाही. त्यानं विचारलं, पगार कोण देणार? मी म्हणाले, ते तिचं ती बघील, तुमी तुमच्या शाळेच्या कॉम्प्युटरमधलं एक फोल्डर उघडून बघा आणि मग मला फोन करा. त्याचा अजून आलेला नाही. बघत असेल.

पुढं महिन्याभरानं त्या जगभरच्या माणसांचं उत्तर आलं. दारात थांबणारे पाव्हणे आणि मोकळ्या पट्ट्या त्यांनी घेतल्या. आता कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांच्या पडद्यावर आमच्या देवळालीच्या रेघा दिसतात. दोन दारांतून दिसणाऱ्या फोटोचं मात्र त्यांना पटलं नाही, एका वस्तूला एकच जागा बरी असं ते म्हणाले. प्रार्थनानं मला वाचून दाखवलं. म्हणजे समुद्रापलीकडंही माझ्या मताची शहाणी माणसं आहेत तर.

“मग ऐकनार का त्यांचं?” मी विचारलं.

तिनं कॉम्प्युटरवरून मान वर केली आणि गोड हसली. मी उठले, तिच्या खुर्चीमागची खिडकी उघडून दिली आणि दाराला आतून कडी घालून घेतली, की तिच्या कामात कोणी घुसायला नको. आलेल्यांना मीच दारात थांबवते.